कार्डावरचं दान

हेमराजच्या गळ्यात वीणा पडून अर्धा तास झाला असेल-नसेल, तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी मगनभाई येऊन उभा राहिला. अंगात पांढरी सफारी, काखेत चामडी बॅग, कपाळाला चंदनाचा टिळा. मागे एक आडदांड माणूस, हाताची घडी घालून. तो त्या दिवशी शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि त्याला बोलायची गरजही पडली नाही.

हेमराजची बोटं तारेवरून घसरली. तोंडातलं नाम मात्र सुटलं नाही. तीस वर्षांची सवय. जिभेला आपलं काम ठाऊक होतं. "जय जय रामकृष्ण हरी" चालूच राहिलं, पण ते आता दुसऱ्याच कुणाच्या तोंडून येतंय असं त्याला वाटायला लागलं.

पांडेसऱ्यातल्या हनुमान मंदिरासमोर चैत्राचा सप्ताह मांडला होता. दिवस पाचवा. सप्ताहाची वीणा एकदा उभी राहिली की सात दिवस भुईला टेकत नाही. दोन-दोन तासांचे पहारे असतात. एकाच्या गळ्यातून निघते ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाऱ्यावरच्या माणसानं उभं राहायचं, नाम घ्यायचं. घरी आग लागली तरी बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. हेमराजचा पहारा दहा ते बारा. अकरा वर्षं तोच पहारा होता, आणि त्या दोन तासांत आपल्यापेक्षा श्रीमंत माणूस अख्ख्या सुरतेत नाही, असं तो मनापासून मानायचा.

मगनभाईनं चपला काढल्या, मारुतीला हात जोडले आणि मांडवात शिरला.

बँकेच्या वसुलीचा हा माणूस मिलच्या फाटकावर चार वेळा येऊन गेला होता. फोन तर किती आले त्याची गणतीच नव्हती. हेमराज कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये फोल्डिंग खात्याचा सुपरवायझर. फोन यायचा तो हिशेबनिसाच्या टेबलावर, आणि हिशेबनीस खातंभर ऐकू जाईल असं ओरडायचा, "हेमराजभाई, तमारा बँकवाळा! लग्ननी कंकोत्री आपवी छे के शुं?" लग्नपत्रिकेच्या ह्या थट्टेवर पोरं हसायची. महिन्यापूर्वी शेठनं बोलावून घेतलं आणि नुसतं एवढंच म्हटलं, "हेमराज, ऐसे फोन मेरी मिल में नहीं चाहिए." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

फाटकावर वॉचमनला सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर सुट्टीवर आहे म्हण. पण आज रविवार. मगनभाई घरी गेला असणार, दार पल्लवीनं उघडलं असणार, आणि त्या भाबड्या पोरीनं सांगितलं असणार, पप्पा मंदिरात, दहा ते बारा पहारा असतो त्यांचा, बाराच्या आत हलत नाहीत.

आणि ते खरंच होतं. तो हलू शकत नव्हता.

---

हे सगळं सुरू झालं तेही ह्याच मांडवात, तीन वर्षांपूर्वी, प्लेगनंतरच्या पहिल्या सप्ताहात. प्लेगात अर्धी वस्ती गावाकडे पळाली होती. जी परत आली तिला देवाचं नाव मोठ्यानं घ्यायचं होतं. मांडव फुटेस्तोवर गर्दी. कीर्तनकार श्रीरंगबुवा चोपड्याकडचे, आवाज गोड पण घसा नाजूक. लाऊडस्पीकर भाड्याचा. चौथ्या दिवशी ऐन कीर्तनात भाडेवाला आला आणि एका लग्नाची ऑर्डर आहे म्हणत भोंगे खाली उतरवून घेऊन गेला. बुवा पूर्वरंग संपवून कथेला हात घालत होते. ते थांबले, उपरण्यानं कपाळ पुसलं आणि हसत म्हणाले, "बघा मंडळी, आपल्याकडे देव स्वतःचा, भक्त स्वतःचे, आवाज तेवढा भाड्याचा."

लोक हसले. हेमराजच्या मात्र ते काळजात रुतलं. बुवा पुढे ओरडून ओरडून कथा सांगत होते, मागच्या बाया "ऐकू येत नाही" म्हणत होत्या, आणि तो टाळकऱ्यांच्या रांगेतून एकदम पुढे आला. डोळ्यांत पाणी. हात जोडून म्हणाला, "मंडळाला लाऊडस्पीकरचा संच माझ्याकडून. उद्याच्या कीर्तनाला इथे उभा असेल."

टाळ्या काय पडल्या! चिंधानं मृदंगावर अशी थाप दिली की शाई उडायची राहिली. चिंधा मंडळाचा म्होरक्या, हेमराजचा गाववाला. दोघं एकाच बसनं अमळनेराहून सुरतेला आले होते. बुवांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून हेमराजच्या गळ्यात घातला.

खिशात तेव्हा दोनशे रुपये होते. पण पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ते कार्ड होतं. महिन्यापूर्वी टाय लावलेला एक मुलगा मिलमध्ये येऊन परदेशी बँकेची कार्डं वाटून गेला होता. "पहिलं वर्ष फुकट, काका. लागलं तर वापरा, नाही तर ठेवून द्या." हेमराजनं ठेवून दिलं होतं, देवाच्या फोटोमागे अंगारा ठेवावा तसं.

दुसऱ्या दिवशी रिंगरोडवरच्या दुकानात त्यानं ते काढलं. दुकानदारानं ते लोखंडी पाट्यावर ठेवलं, वर कागद ठेवला आणि कार्डावरचा नंबर उमटवायला मूठ फिरवली, खर्रक. हेमराजनं सही केली. चौदा हजार पाचशेचं मशीन, दोन भोंगे आणि माईक रिक्षात चढले, आणि खिशातले दोनशे रुपये होते तसेच राहिले. रिक्षाभर त्याला राहून राहून वाटत होतं, मारुतीरायानंच मूठ फिरवली.

पैसे बुडवायचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता, हे सांगायला हवं. बँकेचा पहिला कागद आला तेव्हा त्यानं त्या टायवाल्याला गाठलं. सगळं इंग्रजी. पोरानं एका आकड्याखाली बोट ठेवलं. "एवढे भरा की झालं, काका."

"आणि किती दिवस?"

"आरामात. दोन वर्षांत संपून जाईल."

दोन वर्षं म्हणजे चोवीस हप्ते. हे हेमराजला कुणी शिकवायला नको होतं. उधन्याच्या दुकानातून घेतलेला टीव्ही, बायकोचं, सुंदराचं, शिलाई मशीन, सगळं असंच आलं होतं. दुकानदार पुठ्ठ्याचं कार्ड देतो, त्यावर चोवीस चौकटी. हप्ता भरला की चौकटीत शिक्का. चौकटी भरल्या की वस्तू तुमची, राम राम. बँकेनं पुठ्ठा दिला नव्हता, म्हणून हेमराजनं शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून स्वतः चौकटी आखल्या. दर महिन्याला कागदावरचा तो आकडा भरून आला की सुंदरा एका चौकटीत फुली मारायची. आकडाही दर महिन्याला थोडा उतरायचा. सातशे पंचवीस, मग सातशे सात, मग आणखी खाली. कर्ज उतरतंय असं दोघांना वाटायचं. चोविसाव्या फुलीच्या दिवशी सुंदरानं मारुतीपुढे अर्धा किलो पेढे ठेवले आणि मंडळात वाटले. "ह्यांचं देवाचं देणं फिटलं," असं बायांना सांगत फिरली.

त्यानंतर कागद आले ते हेमराजला बँकेच्या जाहिराती वाटल्या. चार महिन्यांनी फोन आला. मग त्यानं हिशेबनिसाला दोन चहा पाजून कागद वाचून घेतले.

"अरे हेमराजभाई," हिशेबनीस पहिल्यांदाच न हसता बोलला होता, "जे तू भरत होतास ते फक्त कमीत कमी. त्यातलं अर्धं व्याजात जायचं. मुद्दल तर निम्मं तसंच आहे, आणि तू भरायचं बंद केल्यापासून दर महिन्याला दंड, दंडावर व्याज."

तो बँकेत गेला. काचेपलीकडची मुलगी इंग्रजीत बोलली, मग हिंदीत. त्यानं हजार रुपये भरले. पुढच्या कागदात ते हजार दिसलेच नाहीत. दंडानं आणि व्याजानं गिळून टाकले होते. त्या दिवशी त्याच्यातला जोर गेला. अंगावर घेतलेलं गाठोडं माणूस चढावरही वाहून नेतो. पण उचललेलं गाठोडं आपोआप जड व्हायला लागलं तर?

सुंदराला सांगायचं राहिलं. म्हणजे, राहिलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पेढे वाटून झाले होते ना. आठ महिने तो रोज घरी जेवला, रोज तिच्या तोंडाकडे बघितलं आणि रोज उद्यावर टाकलं.

---

आता ते सगळं मांडवात, टिळा लावून, त्याच्यासमोर बसलं होतं.

सप्ताहात आलेला प्रत्येक माणूस माउली. अनुसया म्हणून जालन्याकडची एक बाई चहाच्या पातेल्यापाशी होती. तिनं दोघांच्या हातात पेले दिले. "घ्या माउली. कुठून आलात?"

"अडाजण से, बहन."

"एवढ्या लांबून नामाला आलात! बसा, बसा, पुढे बसा."

मगनभाई पुढे बसला. चहा प्यायला. बरोबर हेमराजच्या समोर, चार हातांवर. मधूनमधून टाळ्याही वाजवत होता, तालात. माणूस देवभोळा होता की बेरकी, हेमराजला आजवर कळलं नाही. कदाचित दोन्ही असेल. त्याची नजर मात्र हेमराजवरून मशीनकडे जायची, मशीनवरून हेमराजकडे. मशीनला दरवर्षीप्रमाणे झेंडूचा हार घातला होता, आणि पुढच्या फळीवर रंगानं लिहिलं होतं: अर्पण, हेमराज दगा पाटील, मु. कळमसरे.

पावणेअकरा. अकरा. घड्याळ मारुतीच्या डोक्यावर, म्हणजे नाम घेताना दिसणारच. नामात मन लावावं तर काटा दिसे, काट्यावरून नजर काढावी तर सफारी दिसे. हेमराज मनात म्हणत होता, देवा, हा इथून जाऊ दे. नाही तर बारा वाजू देऊ नकोस.

सव्वाअकराला चिंधा आला. बाराचा पहारा त्याचा. लवकर येऊन जरा बसावं, कोण नवं आलं बघावं, ही त्याची सवय. नवे पाहुणे बघून तो त्यांच्या शेजारी मांडी घालून बसला. हेमराजला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण चिंधाचं तोंड दिसत होतं. आधी हसरं. मग कान पुढे केलेलं. मग मगनभाईनं बॅगेतून कागद काढला, बोटानं मशीन दाखवलं, फळीवरचं नाव दाखवलं.

चिंधानं वर बघितलं. थेट हेमराजच्या डोळ्यांत.

हेमराजला वीणा खाली टाकून धावत जावंसं वाटलं. सांगावंसं वाटलं की बुडवायचं नव्हतं रे, मोजायला चुकलो. पण वीणा गळ्यात होती आणि तोंडात रामकृष्ण हरी. आयुष्यात पहिल्यांदा ते नाम त्याला तोंडात कोंबलेल्या बोळ्यासारखं वाटलं, आणि ह्या विचाराचीच त्याला अशी शरम वाटली की डोळे आपोआप मिटले.

उघडले तेव्हा गोष्ट चिंधाच्या हातातून निसटली होती. मगनभाईचा आवाज आता चढला होता. रागानं नव्हे, टाळांच्या वर जावा म्हणून. "देखो काका, भगवान के नाम पे मैं झूठ नहीं बोलता. चौदह हजार आठ सौ चालीस. एक साल से आदमी भाग रहा है. पैसा नहीं तो ये मशीन मैं आज उठाके ले जाऊंगा."

टाळ अडखळले. बायांच्या बाजूला कुजबुज झाली, ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली. शांताबाई उठून उभी राहिली. साठीची बाई, मंडळातली जुनी. तिचा शब्द पुरुषही खाली पडू देत नसत.

"कोणाचं मशीन उचलतोस रे बाबा? ते देवाचं आहे. हेमराजनं अर्पण केलंय."

"माताजी, अर्पण किया बैंक के पैसे से. पूछो उनको."

सगळ्यांनी हेमराजकडे बघितलं. तो नाम घेत राहिला. दुसरं काही करायला त्याला मुभाच नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्या मुभेच्या आड तो लपलाही होता. बायांच्या घोळक्यात सुंदरा बसली होती. तिनं आधी मगनभाईकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. कोणी काही न सांगता तिला सगळं कळलं. तिनं पदर ओढून घेतला आणि मान खाली घातली. तिनं वाटलेला एकेक पेढा ह्या मांडवातल्या बायांनी खाल्ला होता.

बाराला पाच मिनिटं असताना चिंधानं पाय धुतले आणि पुढे आला.

वीणा बदलताना रीत अशी, की घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं, मग देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या. तिथे लहान-मोठा, जात-पात, मालक-मजूर काही नसतं. हेमराजला रडू फुटलं ते त्या क्षणी. नाम चालू ठेवून, दोन नामांच्या मधल्या फटीत, तो पुटपुटला, "चिंधा, तू वाकू नको."

"वीणा खाले ठेवता येत नही, म्हनीसन वाकी राह्यनू," चिंधा दात आवळून म्हणाला. "तुनं मंग देखसूत."

आणि वाकला. हेमराजही वाकला. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली, आणि गळा रिकामा झाल्याबरोबर हेमराजला आपण उघडे पडलो असं वाटलं.

---

दुपारी मंदिरामागच्या पत्र्याच्या खोलीत सगळे बसले. श्रीरंगबुवा बाजेवर पडून लवंग चघळत होते. संध्याकाळच्या कीर्तनासाठी घसा राखत होते. मगनभाई खुर्चीवर. हेमराज भुईवर. चिंधाचा पहारा दोनला संपला तेव्हा तो आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

हेमराजनं सगळं सांगितलं. चौकटींचंही सांगितलं. मगनभाई ते ऐकून पहिल्यांदा खरोखर चमकला.

"चोवीस डिब्बे? आपने खुद बनाए?"

"हो."

"अरे भगवान," तो म्हणाला. मग कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "तेरह हजार भरे आपने. मशीन साढ़े चौदह का. और बाकी चौदह हजार आठ सौ चालीस. मैं क्या करूँ काका, ये हिसाब मैंने नहीं बनाया. मुझे तो वसूली पे कमिशन मिलता है."

"आम्हाला सांगायला काय झालं होतं?" शांताबाई म्हणाली. ती हेमराजशी बोलत होती, पण बघत होती भिंतीकडे. "तीन वर्षं तुझ्या नावानं नारळ फोडला. माझा नातू म्हणतो, आजी, पाटीलकाकांसारखं दान करायचंय. मी काय सांगू त्याला आता?"

"बुडवायचं नव्हतं, मावशी."

"बुडवायचं नव्हतं हे मला कळतं. लपवलंस ते कळत नाही."

 

"मशीन नेता येणार नाही," चिंधा दारातून म्हणाला. "ते मंडळाचं आहे. दुकानाची पावती मंडळाच्या नावे आहे. तुमच्या कागदात कुठं लिहिलंय मशीन गहाण आहे म्हणून? दाखवा."

मगनभाईनं कागद दाखवला नाही, कारण तसा कागद नव्हता. तो हसला, पकडलेला माणूस हसतो तसं. "ठीक है. नहीं ले जाता. लेकिन कल से फिर मिल में फोन आएगा, सेठ के पास जाएगा. नौकरी का आप सोचो."

 बाहेर नाम चालू होतं.

"मशीन विका," हेमराज म्हणाला.

"काय?"

"भेस्तानचा मांडववाला जुनं घेतो. मंडळानं परवानगी द्यावी. ज्याचे पैसे दिलेच नाहीत त्याच्यावर माझं नाव नको." तो चिंधाकडे वळला. "पुन्हा घेऊन देईन. केव्हा ते सांगत नाही. एकदा सांगून बसलो."

बराच काथ्याकूट झाला. सप्ताह अर्धवट असताना विकायचं का, दोन दिवस थांबायचं का. शेवटी मगनभाईनंच तोड काढली. आज काही रोख मिळाले तर तो साहेबाला फोन करेल. अकरा हजारांवर मिटवायला साहेब राजी होईल. पाच आज, बाकी तीन हप्त्यांत.

"लिहून आणा," चिंधा म्हणाला. "बँकेच्या शिक्क्यानं. किती, केव्हा, आणि त्यानंतर काही उरत नाही, असं. तोंडी मोजणी आमच्या माणसानं एकदा केली आहे."

मगनभाई मान हलवून हसला. फोन करायला मिलच्या नाक्यावरच्या पीसीओवर गेला.

चार वाजता भेस्तानचा मांडववाला टेम्पो घेऊन आला. मशीन उघडून बघितलं, भोंगा ठोकून बघितला, पाच हजार म्हणाला आणि पाचच दिले. झेंडूचा हार काढून हेमराजनं मारुतीच्या पायाशी ठेवला. फळीवरचं नाव मांडववाल्यानंच टेम्पोत चढवताना खिळ्यानं खरवडलं, सहज, दुसऱ्या कोणाचं लग्न असेल तिथं हे नाव कशाला म्हणून. मगनभाईनं पाच हजार मोजून घेतले, पावती लिहिली, शिक्क्याचं पत्र मंगळवारी आणतो म्हणाला. जाताना मारुतीला पुन्हा हात जोडले. आडदांड माणसानं प्रसादाचा द्रोण चाटून साफ केला आणि त्याच्यामागून गेला.

मग शांताबाईनं मनातलं बोलून टाकलं. "वीणेचं काय? माझं म्हणणं, फिटेपर्यंत हेमराजला पहारा नको. राग म्हणून नाही. वीणा गळ्यात असली की लोकांनी पाया पडायचं. लोकांच्या मनात किंतु ठेवून पाया पडून घेऊ नये."

हेमराजनं चिंधाकडे बघितलं. चिंधा दाराबाहेर बघत होता.

"बरोबर आहे," हेमराज म्हणाला.

सगळे गेले. बुवा बाजेवर तसेच पडून होते. हेमराज उठला, दारापर्यंत गेला, परत आला.

"बुवा, एक विचारू? बँकेच्या पैशानं केलं, ते पुण्य कोणाचं?"

बुवांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "पुण्याचं मला ठाऊक नाही रे. मी नुसता सांगणारा. पण तुझ्या त्या मशिनीनं माझा घसा तीन वर्षं वाचवला. आता बसला तर शेकायला तूच ये, मीठ गरम करून." मग कुशीवर वळून, "आणि बायकोशी बोललास का?"

"नाही."

"मग मला काय विचारत बसलास?"

---

पाचला कीर्तन उभं राहिलं. सातला मिलची पाळी बदलते, म्हणून पांडेसऱ्यात कीर्तन दिवसाउजेडीच उरकायचं. मांडव भरला होता. बातमी आतापर्यंत सगळ्या गल्ल्यांत गेली होती, आणि गर्दी रोजच्यापेक्षा जास्त होती. काही नामाला आले होते, काही तोंड बघायला.

हेमराज आत गेला नाही. मंदिराच्या बाजूला हातपंप आहे, त्याच्या ओट्यावर बसला. इथून बुवांची पगडी दिसत होती, आवाज मात्र तुटक यायचा. बुवांनी नमन केलं, पद धरलं. मागून लगेच ओरड झाली.

"बुवा, ऐकू येत नाही!"

"मोठ्यानं बुवा!"

"मोठ्यानं काय," बुवा म्हणाले, "माझा बाप आला तरी एवढ्यानंच बोलेल. तुम्हीच पुढे सरका."

हसू उठलं. सगळा मांडव सरकला, गुडघ्याला गुडघा लावून. तरी मागे पुरेना. बुवांनी ध्रुपद टाकलं की मागच्या टाळकऱ्यांनी ते उचलायचं आणि अख्ख्या मांडवाला द्यायचं, असंच आता चालणार होतं. पण टाळकरी आज सहाच होते. रांगेत उजवीकडून तिसरी जागा मोकळी होती, आणि शेजारच्या दोघांनी सरकून ती भरली नव्हती. का भरली नव्हती, मुद्दाम की राहून गेली, हे हेमराजला कळेना. ध्रुपद उचललं जायचं आणि मधल्या रांगांपर्यंत जाऊन विरायचं. चिंधा मृदंगावर घामाघूम झाला होता. एकट्या मृदंगानं काय होणार.

बुवांचा घसा दुसऱ्या पदालाच खरखरला. हेमराजनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

कुणाच्या तरी चपला समोर येऊन थांबल्या. त्यानं वर बघितलं. सुंदरा.

सकाळपासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. डोळे सुजले होते. पदर कमरेला खोचलेला. हातात टाळांची जोडी, दोरी गुंडाळलेली. मंदिराच्या पेटीतून आणली असावी.

"वीणा लेऊ नका म्हन्यात त्या," ती म्हणाली. "टाळ लेऊ नका आसं कोनी म्हन्यं नही."



"उठा. बुवाना घसा जाई राह्यना." तिनं टाळ त्याच्या मांडीवर ठेवले, ठेवले म्हणजे जवळजवळ टाकलेच. "आनि घर गयात का मंग मी बोलसू. तवा तुमी तोंड उघडू नका."

एवढं बोलून ती वळली आणि बायांमध्ये जाऊन बसली. अनुसया जरा सरकली. शांताबाईनं तिच्याकडे बघितलं, मग समोर.

हेमराज उठला. मांडवाच्या कडेनं, पाय कुणाला लागू नयेत असा तिरपा चालत, टाळकऱ्यांच्या रांगेमागे गेला. तिसऱ्या जागेशी उभा राहिला. शेजारच्यानं मान वळवली नाही. नुसता अर्धा हात बाजूला झाला. चिंधानं त्याला बघितलं की नाही कळलं नाही. मृदंगाचा हात मात्र एक मात्रा रेंगाळला, कुणी मागून येत असलं म्हणजे चालणारा रेंगाळतो तसा.

बुवांनी ध्रुपद टाकलं. हेमराजनं टाळ उचलले. पहिला ठोका चुकला, दुसरा उशिरा पडला. तिसऱ्याला त्यानं तोंड उघडलं आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला.